एका शब्दाचे साक्षीदार

आमच्या मास्तरांना इंग्रजीतला एकच शब्द येतो, असं रत्नागिरीत चेष्टेने म्हणत. म्हणणाऱ्यांत वकील होते, कचेरीतले कारकून होते आणि मास्तरांच्याच हाताखाली मॅट्रिक होऊन मुंबईला नोकरीला लागलेले, शिमग्याला गावी आले की मांडवीवर बूट वाजवत फिरणारे बाबूही होते. मास्तरांनी आपल्याला काय शिकवलं ते या बाबूंना कधी कळलंच नाही. मला कळलं. ते सांगताना माझ्या बोलण्यात थोडी आढ्यता आली तर वाचणाऱ्याने चालवून घ्यावी. पुढे तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, पण मिरवण्यासारखं माझ्याजवळ काय आहे म्हणाल तर मी त्या मास्तरांची विद्यार्थिनी आहे, एवढंच.

तो शब्द म्हणजे ‘सेट’. इंग्रजी शिकू लागलेल्या पोरालाही येईल असा. पण मोठ्या कोशात या एवढ्याशा शब्दाला पानंच्या पानं दिलेली असतात. सूर्य मावळतो त्याला सेट, मोडलेलं हाड बसवतात त्याला सेट, भिंतीतला चुना घट्ट धरतो त्याला सेट, दही लागतं त्याला सेट, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात त्याला सेट आणि छापखान्यात खिळे जुळवतात त्यालाही सेटच. इंग्रजांनी एवढं मोठं राज्य चालवलं आणि शब्दांत मात्र अशी काटकसर का केली, असा प्रश्न मी एकदा मास्तरांना विचारला होता. ते म्हणाले, कंजूष माणसाच्या घरी एकच पातेलं असतं, त्यातच भात आणि त्यातच आमटी. मात्र त्या एका पातेल्याच्या मागे त्यांनी आयुष्याची वीस-बावीस वर्षं घातली.

हे वेड त्यांना कसं लागलं याच्या गावात चार-पाच कथा होत्या. कुणी म्हणे ते बी. ए.ला या शब्दावर नापास झाले, कुणी म्हणे बायको गेल्यावर डोक्यावर परिणाम झाला. बायको लवकर गेली होती आणि मूलबाळ नव्हतं हे खरं, पण त्याचा शब्दाशी संबंध नव्हता. त्यांनी मला स्वतः सांगितलेली हकिगत अगदी साधी होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते वर्गात धडा शिकवत होते आणि धड्यात करवतीचा सेट असा उल्लेख आला. त्यांनी खुशाल सांगून टाकलं की सेट म्हणजे संच, लहानमोठ्या करवतींचा संच. त्या वेळी वर्गाच्या खिडकीचं झडप दुरुस्त करायला एक सुतार बसला होता. तो मुंबईला गोदीत काम करून आलेला होता. तास संपेपर्यंत तो गप्प राहिला, मुलं गेल्यावर त्याने करवत उलटी धरली आणि मास्तरांना दाते दाखवले. एक दात किंचित डावीकडे वाकवलेला, पुढचा उजवीकडे, असे सगळे. असे वाकवले नाहीत तर करवत लाकडात अडकून बसते, आणि या वाकवण्यालाच गोदीतले साहेब सेट म्हणत.

“चाळीस पोरांना मी छातीठोकपणे खोटं शिकवलं,” मास्तर म्हणाले, “आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो जमिनीवर बसून खिळे ठोकत होता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला वर्गात बोलावलं, मुलांसमोर उभं केलं आणि त्याच्याकडून तो अर्थ शिकवून घेतला. स्वतः मागे खाली मान घालून उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, आणि वहीत लिहायचा तर मुळीच नाही.

ही वही लाल कापडी बांधणीची, लांबोडी, दुकानदार वापरतात तसली होती. एका अर्थाला एक पान. वर तारीख, मग ठिकाण, मग काय पाहिलं ते तीन-चार ओळींत, आणि खाली ज्याचं काम पाहिलं त्याची सही. सही येत नसेल तर अंगठा. या लोकांना मास्तर ‘साक्षीदार’ म्हणत आणि साक्षीदाराशिवाय पान पुरं झालं असं मानत नसत. वहीत गवंडी होते, छापखान्यातले खिळे जुळवणारे होते, घड्याळवाले होते. विरजणाच्या पानावर आमच्या शेजारच्या म्हातारीचा अंगठा होता आणि खुडूक कोंबडीच्या पानावर माझ्या आईचा. आईला तो अंगठा देताना इतकी लाज वाटली की तिने तोंडाला पदर लावला. पण पुढे दोन महिने ती पाणवठ्यावर तेच सांगत होती.

मास्तर अंगाने किरकोळ, रंगाने सावळे. आखूड कोट, धोतर, काळी टोपी, आणि गालात कायम एक आमसूल. शिकवताना ते आमसूल या गालातून त्या गालात जायचं. आमसूल थांबलं की मास्तर विचार करताहेत असं समजावं. वर्गात एखाद्या मुलाने झटकन अर्थ सांगितला की मास्तर खूष होत नसत, उलट विचारत, “कुठं पाहिलंस?” पुस्तकात पाहिलं म्हणालं की ते म्हणत, पुस्तकात अर्थ असतो, ओळख नसते. मुलांना याचा भारी कंटाळा येई. परीक्षेत काही ओळख विचारत नाहीत, हे मुलांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

सूर्य मावळण्याचा अर्थ वहीत चढायला त्यांना पावणेदोन महिने लागले. रोज संध्याकाळी ते मांडवीच्या वाळूत वहाणा हातात धरून उभे राहत आणि रोज शेवटच्या क्षणी क्षितिजावर ढगाची एखादी रेघ आडवी येई. लोक म्हणत, अहो मास्तर, मावळला की. मास्तर म्हणत, ढगात गेला, मावळताना मी पाहिला नाही. शेवटी एका संध्याकाळी तो सबंध गोळा स्वच्छ पाण्यात उतरला. दीपगृहावरचा माणूस त्याच वेळी दिवा लावायला चालला होता, त्याची सही घेऊन मास्तर घरी गेले. त्या रात्री ते लवकर झोपले म्हणे.

टेनिसमधल्या सेटने मात्र त्यांच्या मनगटाचा निकाल लावला. साहेब लोकांच्या जिमखान्यावर आपल्या माणसाला शिरकाव नव्हता, म्हणून मास्तर बाहेरच्या गडग्यावर चढून बसले. गडगा म्हणजे जांभ्याचे नुसते एकावर एक ठेवलेले दगड. पट्टेवाल्याने दोनदा हाकललं, मास्तर दोनदा उतरले आणि दोनदा चढले, कारण सेट अर्धाच झाला होता. शेवटच्या फटक्याला गडगा ढासळला आणि मास्तर दगडांसकट खाली आले. उजवं मनगट मोडलं. सरकारी इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं, पण मास्तरांनी हाड बसवून घ्यायला मालगुंडचा हाडवैद्य गाठला. इस्पितळात नाकावर औषधाचं फडकं धरून झोपवतात, मग हाड बसताना दिसायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. वैद्याला त्यांनी जरा सावकाश घ्या म्हणून सांगितलं. तो वैद्य पुढे पुष्कळ वर्षं सांगे की ओरडणारे खूप पाहिले, पण वाकून बघणारा हा एकच. परत आले ते एकाऐवजी दोन पानं घेऊन, एक टेनिसचं आणि एक हाडाचं. दोन्ही डाव्या हाताने लिहिलेली, खेकडा चालून गेल्यासारखी. टेनिसच्या पानावर साक्षीदार म्हणून त्या पट्टेवाल्याचा अंगठा आहे. तो कसा मिळवला ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गावात एक वृद्ध वकील होते, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी मुंबईहून दातांची कवळी करून आणली. कवळीलाही इंग्रजीत सेटच म्हणतात. मास्तर त्यांच्याकडे गेले आणि नमस्कार-चमत्कार झाल्यावर सरळ म्हणाले, जरा काढून दाखवता का. वकीलसाहेबांनी त्यांना घालवून दिलं. आठ दिवसांनी मात्र त्यांनीच माणूस पाठवून बोलावलं, दार आतून लावलं, कवळी दाखवली आणि वहीत झोकदार सही केली. ही गोष्ट वकीलसाहेबांनीच पुढे गावभर केली.

हे सगळं ऐकून हसणारे हसतात. मी त्यांना तुरुंगाचं पान सांगते. बंदिवानाला मोकळं सोडतात, त्यातही तोच शब्द येतो. मास्तर एका सकाळी तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. एक माणूस सुटून बाहेर आला, घाटाखालच्या कुठल्याशा खेड्यातला कुळवाडी. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. दाराबाहेर तो तसाच उभा राहिला. कुठल्या बाजूला वळायचं ते त्याला सुचेना. मास्तरांनी वही बगलेत मारली, त्याला चहा पाजला, कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि स्वतः त्याच्याबरोबर हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत जाऊन तिथून त्याची वाट त्याला दाखवून चालत परत आले. त्या दिवशी शाळेत गैरहजेरी लागली. वहीतल्या त्या पानावर लिहिलंय, ‘दार उघडल्याने माणूस सुटत नाही. हातखंब्याला सुटला.’ खाली अंगठा आहे. ही वही हसण्यावारी नेणाऱ्याने आधी हे पान वाचावं, मग माझ्याशी बोलावं.

आमच्या घरी ते आले शिडासाठी. माझे वडील तांडेल होते. स्वतःचा मचवा होता आणि ते मीठ, कौलं, सुकी मासळी घेऊन मुंबईपर्यंत जात. मास्तर अंगणात येऊन म्हणाले, शीड लावताना बघायचं आहे. एवढा शिकलेला माणूस आमच्या मांडवात येऊन चटईवर बसला, याचाच घरात गोंधळ उडाला. वडील म्हणाले, “जमनीवरना शीड काय कळणार मास्तर? चला माज्या वांगडा.” मास्तर गेले. जयगडपर्यंत जाऊन आले, जाताना तीनदा आणि येताना दोनदा ओकले, पण वही मेणकापडात गुंडाळून छातीशी धरली होती. परत आल्यावर वडिलांनी शिडाच्या पानावर अंगठा उठवला. मास्तरांनी विचारलं, तुम्ही मला शिकवलंत, आता मी तुम्हाला काय देऊ? वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“ह्या पोरीला साहेबाची भाषा शिकवा. बंदरावरचो कारकून कागद वाचतो नि आमी मान हलवताव. खरा काय नि खोटा काय, घरात कोणतरी वाचणारा होवा.”

तेव्हा मी अकरा वर्षांची होते, मराठी शाळेची शेवटची यत्ता संपत आली होती. पुढची तीन वर्षं मी रोज संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर शिकायला जात होते. खरं तर ओसरीवर कमी आणि बाहेर जास्त. लोहाराची भट्टी, तारघर, छापखाना, बोटीवरून उतारू आणणारे पडाव, असं फिरत मी इंग्रजी शिकले. मी स्वभावाने भांडखोर, त्यामुळे मास्तर चुकले की मला आनंद होई, आणि मी त्यांना पकडलं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त होई. वरच्या आळीत याची चर्चा झालीच. तांडेलाची पोर आणि इंग्रजी, शिवाय मास्तर तिला घेऊन बाजारातून हिंडतात. मास्तरांना कुणी तोंडावर बोललं तर ते शांतपणे विचारत, तुम्ही कुठं पाहिलंत? मग बोलणारा आपल्या वाटेने जाई.

मी चौदा वर्षांची झाले आणि जयगडकडच्या एका घरातून मला मागणी आली. घर चांगलं, दोन मचवे, मुलगा कामाचा. आईचा जीव त्यात गुंतला, मला पुढे शिकायचं होतं. मुलींना पुढे शिकायचं तर मुलांच्याच इंग्रजी शाळेत जावं लागे, आणि तिथे आमच्यासारख्या घरातली मुलगी कधी गेली नव्हती. वडिलांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की शाळेने इंग्रजी चौथीत घेतली तर पोर शिकेल, नाही घेतली तर मार्गशीर्षात लग्न. वडील दिलेला शब्द फिरवत नसत. म्हणजे माझ्या जन्माचं काय व्हायचं ते शाळेच्या हेडमास्तरांवर आलं.

हेडमास्तर नवे होते, पुण्याकडचे, कडक आणि नेटके. वाईट माणूस नव्हता. मास्तरांची वही म्हणजे शाळेची नाचक्की आहे असं मात्र त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या वहीवर वाढलेली एक मुलगी आता त्यांच्या शाळेत येऊ पाहत होती. त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. परीक्षा घेईन म्हणाले, कमिटीच्या अध्यक्षांसमोर. अध्यक्ष म्हणजे तेच कवळीवाले वकीलसाहेब.

आदल्या संध्याकाळी मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर कोश उघडला. न पाहिलेल्या अर्थांची एक यादी त्यांनी काढून ठेवली होती. ती माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली आणि म्हणाले, “उद्यापुरता नियम बाजूला ठेव. विचारतील ते सांगून टाक. एकदा आत गेलीस की मग काय ते.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यादी मला घरी जाईपर्यंत पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी वडील धुवट सदरा घालून माझ्याबरोबर आले आणि शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले. आत टेबलामागे हेडमास्तर आणि वकीलसाहेब, भिंतीशी एका स्टुलावर मास्तर, मध्ये मी. वाचन झालं, शुद्धलेखन झालं, व्याकरणात एक चूक सोडली तर सगळं बरोबर आलं. मला वाटलं सुटले. तेवढ्यात हेडमास्तर किंचित हसले आणि म्हणाले, आता तुमच्या मास्तरांचाच शब्द विचारतो. त्यांनी वाक्य सांगितलं, हिज फेस वॉज सेट. याचा अर्थ काय?

अर्थ मला येत होता. कालच्या यादीत तो चौथा होता, निश्चयाने घट्ट झालेला चेहरा. शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. नियम मोडायला मास्तरांनीच सांगितलं होतं, वडील बाहेर उभे होते, जयगडचे लोक निरोपाची वाट बघत होते, हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. तरी तीन वर्षांत असा चेहरा मी ओळखीने कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला आहे असं सांगणं मला जमेना. हे माझं शहाणपण होतं असं मी म्हणत नाही. सवय अंगात मुरली होती.

मी म्हणाले, “हा अर्थ मी अजून पाहिलेला नाही.”

“पाहिलेला नाही की येत नाही?”

“येतो. पाहिलेला नाही.”

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. ते रागावलेही नाहीत. वकीलसाहेबांना म्हणाले, मला भीती होती ती हीच, असल्या शिक्षणाने मुलं मॅट्रिकला कशी बसणार, मला प्रवेश देता येणार नाही.

मी मास्तरांकडे पाहिलं. वाटलं, आता ते उठतील, विनवतील. एवढ्या वर्षांची नोकरी, ते दोन शब्द बोलले असते तर हेडमास्तर कदाचित वितळले असते. ते उठले खरे. पण गालातलं आमसूल थांबलेलं होतं, जबड्याची हाडं वर आली होती आणि नजर समोर हेडमास्तरांवर स्थिर होती. त्या नजरेत विनवणी औषधालाही नव्हती. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं.

ते एवढंच म्हणाले, “तिचं उत्तर बरोबर आहे.” आणि उभेच राहिले.

मग वकीलसाहेबांनी मला विचारलं, “मुली, मग तू पाहिलंस तरी काय?”

मी सांगायला लागले. इंग्रजीतच सांगितलं, मोडकंतोडकं, पण थांबले नाही. चुना किती वेळात धरतो आणि त्यात गूळ घातला तर काय होतं, खिळे उलटे कसे वाचतात, वारा फिरल्यावर वडील शीड कसं बदलून लावतात, कोंबडी एकवीस दिवस कशी बसते, करवत कधी अडकते. हेडमास्तरांनी मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं, नंतर पाहिलं नाही. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, आणखी एक अर्थ मी आत्ता पाहिला, थोड्या वेळापूर्वी पाहिला नव्हता. बोट दाखवायची हिंमत झाली नाही, पण वकीलसाहेब माझ्या नजरेमागून गेले आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“हेडमास्तर,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी साक्षीदार तपासले. न पाहिलेलं पाहिलं नाही म्हणून सांगणारा क्वचित भेटला. तोही असा, स्वतःचं नुकसान दिसत असताना. हिला घ्या.”

हेडमास्तर न्यायाला धरून वागणारे होते. त्यांनी मान्य केलं, पण एक अडचण काढली. मुलांच्या शाळेत मुलगी येणार तर तिच्या वागणुकीची हमी लागेल, घरच्या माणसाने लिहून दिलेली, सहीनिशी. वडील वाचायला-लिहायला शिकलेले नव्हते. अंगठा चालायचा नाही, असं हेडमास्तर म्हणाले. कागद छापील होता. ‘सदर विद्यार्थिनी नात्याने माझी’, पुढे कोरी जागा, मग ‘असून तिच्या वर्तनाची संपूर्ण जबाबदारी मी घेत आहे.’

मास्तरांनी टेबलाशी जाऊन पेन उचललं. ज्या माणसाने मावळत्या सूर्यासाठी पावणेदोन महिने घालवले, त्याने त्या कोऱ्या जागेपाशी क्षणभरही विचार केला नाही. ‘मुलगी’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

हेडमास्तरांनी कागद फिरवून वाचला. “मास्तर, हे खरं नाही. हिचा बाप बाहेर उभा आहे.”

“मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही,” मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांनी वडिलांना आत बोलावलं. वडील वहाणा बाहेर काढून आले. कागद त्यांच्यापुढे धरला, तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, “काय लिवलंन गो?”

मी वाचून दाखवलं. ‘मुलगी’ हा शब्द मी दोनदा वाचला. वडिलांनी मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांनी कुणाला न विचारता टेबलावरच्या शिक्क्याच्या गादीवर अंगठा दाबला आणि मास्तरांच्या सहीच्या खाली, साक्षीदाराच्या जागी, नीट उठवला.

अंगठा चालायचा नाही, हे हेडमास्तर पुन्हा म्हणाले नाहीत. वकीलसाहेबांनी टीपकागद पुढे सरकवला.